मायकेल फॅरडे : विचार करायला शिकलेला माणूस

प्रतिभा ही जन्मतःच मिळते, ती कमावता येत नाही, असा समज आपल्या समाजात फार खोलवर रुजलेला आहे. एखाद्या मुलाला अवघड उदाहरण चटकन सुटले की त्याचे डोकेच तसे आहे, असे म्हटले जाते; ज्याला ते सुटले नाही त्याच्याविषयी काही न बोलताही निकाल दिला जातो. वरवर निरुपद्रवी वाटणारा हा समज वस्तुतः घातक आहे. ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, ज्याच्या आधीच्या पिढीने शाळेची पायरी पाहिलेली नाही, त्या मुलाने मग कोणत्या भरवशावर प्रयत्न करावा? निवासी शाळेच्या अभ्यासिकेत रात्री पुस्तक उघडून बसलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा केवळ तात्त्विक प्रश्न नाही. नवा विचार मनात कसा येतो, न सुटणारा प्रश्न सुटतो तेव्हा मनात काय घडते आणि ही क्रिया शिकता येते की नाही, याच्या उत्तरावर त्याचे भवितव्य अवलंबून असते.

आम्ही इतिहासाचे अध्यापक आहोत. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आमचा प्रवेश नाही. परंतु इतिहासाजवळ साक्षीदार असतात आणि त्यांना प्रश्न विचारता येतात. वरील प्रश्नासाठी आम्ही ज्या साक्षीदारास पाचारण करीत आहोत ते म्हणजे विख्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे. त्यांची निवड करण्यास दोन कारणे आहेत. एक असे की, कुळ, संपत्ती किंवा शालेय शिक्षण यांपैकी कशाचेही पाठबळ त्यांना नव्हते. दुसरे असे की, आपण कसा विचार केला, कोठे अडलो आणि कोणता तर्क फसला, याची नोंद त्यांनी आयुष्यभर दररोजच्या वहीत करून ठेवली. आपल्या मनाची इतकी प्रामाणिक रोजनिशी मागे ठेवणारे शास्त्रज्ञ जगाच्या इतिहासात थोडेच सापडतील.

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी न्यूइंग्टन बट्स या तेव्हा लंडनच्या दक्षिण सीमेवर असलेल्या वस्तीत झाला. वडील जेम्स हे लोहार होते. कामाच्या शोधात ते उत्तर इंग्लंडमधून लंडनकडे आले होते; परंतु प्रकृती सतत ढासळत असल्यामुळे भट्टीवर नियमित उभे राहणे त्यांना जमत नसे. १८०१ च्या सुमारास धान्य अतोनात महागले, तेव्हा या कुटुंबाची अशी ओढाताण झाली की, लहानग्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तोच त्याला पुरवून खावा लागे. लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढेच त्याचे शालेय शिक्षण. त्या काळच्या इंग्लंडमध्ये विज्ञान हा सधनांचा आणि विद्यापीठात गेलेल्यांचा प्रांत होता. लोहाराच्या मुलाने त्याकडे दुरून पाहावे, अशीच समाजाची रीत होती.

१८०४ साली हा मुलगा जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात निरोप्या म्हणून लागला. वर्तमानपत्रे घरोघर पोहोचवायची, वाचून झाली की ती परत आणायची, हे त्याचे काम. पुढच्या वर्षी रिबो यांनी त्याला पुस्तकबांधणीच्या कामावर सात वर्षांच्या उमेदवारीसाठी घेतले आणि त्याच्या प्रामाणिकपणाकडे पाहून उमेदवारीचे शुल्क माफ केले. बांधणीसाठी आलेली पुस्तके रात्री वाचण्याची मुभा त्याला होती. ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या विदुषीने रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तक यांनी त्याच्या मनाची पकड घेतली. परंतु तो नुसते वाचून थांबला नाही. खिशाला परवडेल तेवढ्या सामानात, बाटल्या आणि लाकडाचे तुकडे जमवून, त्याने पुस्तकातले प्रयोग स्वतः करून पाहिले. छापलेले विधान आपल्या हाताने खरे करून पाहिल्याशिवाय ते आपले म्हणायचे नाही, ही सवय त्याला चौदा-पंधराव्या वर्षी लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही.

याच काळात त्याच्या हाती आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाचे मनाच्या सुधारणेवरील पुस्तक आले. आमच्या मते फॅरडे यांच्या चरित्रातील हा प्रसंग कोणत्याही शोधाइतकाच महत्त्वाचा आहे. मन हे शेतासारखे मशागतीने सुधारते, असे मानणारे ते पुस्तक होते आणि त्यातील उपाय कोणालाही करता येण्याजोगे होते. वाचलेले टिपून ठेवावे, व्याख्याने ऐकावीत आणि त्यांची टिपणे पुन्हा नीट लिहून काढावीत, समविचारी मित्रांशी चर्चा व पत्रव्यवहार करावा, शब्द काटेकोर वापरावेत, थोड्या पुराव्यावर मोठा निष्कर्ष काढू नये. बहुतेक वाचक असले पुस्तक वाचतात, मान डोलावतात आणि मिटून ठेवतात. या उमेदवाराने त्यातील एकेक सूचना अमलात आणली. जॉन टेटम यांच्या घरी होणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांना तो जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाचा एक शिलिंग त्याच्या थोरल्या भावाने, लोहारकाम करणाऱ्या रॉबर्टने दिला. उपकरणांची चित्रे नीट काढता यावीत म्हणून रिबो यांच्याकडे राहणाऱ्या एका चित्रकाराकडून तो रेखाटन शिकला. पुढे १८१८ मध्ये त्याने व त्याच्या काही मित्रांनी निबंधलेखनाचे एक छोटे मंडळ काढले. एकमेकांच्या लेखनावर टीका करून विचार घासून घ्यावेत, हा त्याचा हेतू. कल्पनाशक्ती आणि विवेक यांचा परस्परसंबंध हा त्या मंडळातील एक विषय होता. दिवसभर राबणारी ही तरुण मंडळी आपल्या मनाची तालीम घेत होती.

१८१२ साली विल्यम डान्स या गिऱ्हाइकाने फॅरडे यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या अखेरच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या वेळी इंग्लंडमधील सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ. सज्जातील जागेवर बसून फॅरडे यांनी टिपणे घेतली, घरी येऊन ती विस्ताराने लिहिली, चित्रे काढली आणि स्वतःच्या हाताने बांधून त्यांचा सुमारे तीनशे पृष्ठांचा ग्रंथ तयार केला. तत्पूर्वी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना त्यांनी नोकरीसाठी पत्र लिहिले होते. त्याचे उत्तर आले नाही. वर्षअखेरीस त्यांनी तो बांधीव ग्रंथ डेव्हींकडे पाठविला. हातची विद्या आणि मनाची विद्या एकाच पुठ्ठ्यात बांधलेला तो अर्ज होता. १ मार्च १८१३ रोजी, आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार आणि माडीवरच्या दोन खोल्या या अटींवर, ते प्रयोगशाळेतील मदतनीस झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्ही सपत्नीक युरोपच्या दौऱ्यावर निघाले. ऐनवेळी त्यांचा नोकर आला नाही आणि त्याची कामे फॅरडे यांच्या गळ्यात पडली. दीड वर्षाच्या या प्रवासात डेव्हींच्या पत्नीने त्यांना विज्ञानातील साहाय्यक म्हणून नव्हे, तर गडी म्हणून वागविले. हा अपमान त्यांना झोंबला आणि सारे सोडून परतावे असेही त्यांच्या मनात आले. तथापि पॅरिस, जिनिव्हा, फ्लॉरेन्स आणि रोम येथे युरोपातील श्रेष्ठ शास्त्रज्ञ कसे काम करतात, हे पाहण्याची संधी त्यांनी दवडली नाही. अपमान करणाऱ्या घरात राहूनही शिकण्याचे थांबवायचे नाही, हा निर्धार सोपा नसतो. तो कोणत्या मोलाने केला जातो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता आपण मुख्य विषयाकडे वळू. १८२० साली कोपनहेगनच्या हान्स ख्रिश्चन अर्स्टेड यांनी विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, असे दाखविले. युरोपभर एकच खळबळ उडाली आणि लेखांचा पाऊस पडला. दुसऱ्या वर्षी या नव्या विषयाचा आढावा लिहिण्याचे काम एका नियतकालिकाने फॅरडे यांच्यावर सोपविले. इतरांचे लेख वाचून सारांश लिहिणे सहज शक्य होते. फॅरडे यांनी मात्र त्या लेखांतील प्रयोग एकामागून एक स्वतः करून पाहिले. ते करीत असताना इतरांच्या नजरेतून निसटलेली एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सुई तारेकडे ओढलीही जात नव्हती किंवा दूरही लोटली जात नव्हती. ती तारेभोवती फिरू पाहत होती. सप्टेंबर १८२१ मध्ये त्यांनी पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा करून त्याच्याभोवती वीजवाहक तार गोल गोल फिरवून दाखविली. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक मोटारीचा तो मूळपुरुष होय. हा शोध आकाशातून पडला नाही. दुसऱ्यांच्या कामाची निमूटपणे पुनरावृत्ती करणाऱ्या हातांना तो सापडला.

शोधापाठोपाठ आरोपही आला. वुलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची कल्पना फॅरडे यांनी श्रेय न देता घेतली, अशी कुजबुज झाली. वस्तुतः वुलस्टन यांच्या मनात तार स्वतःभोवती फिरेल अशी कल्पना होती आणि तो प्रयोग यशस्वी झालेला नव्हता. तरीही १८२३-२४ मध्ये फॅरडे यांचे नाव रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी पुढे आले तेव्हा खुद्द डेव्हींनीच विरोध केला. ज्याने दार उघडले त्यालाच आत आलेला माणूस आपल्या बरोबरीने बसलेला पाहवला नाही. जानेवारी १८२४ मध्ये फॅरडे निवडून आले. डेव्हींविषयी कटू शब्द मात्र त्यांनी जाहीरपणे कधी काढला नाही.

विजेपासून चुंबकत्व मिळत असेल, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न त्यांनी १८२२ च्या सुमारास आपल्या टिपणवहीत लिहून ठेवला. हाती घ्यावयाच्या कामांची ती वही होती. मनात उठलेला प्रश्न विरून जाऊ नये म्हणून तो कागदावर बांधून ठेवायचा, ही त्यांची पद्धत. त्यानंतर १८२४, १८२५ आणि १८२८ मध्ये त्यांनी प्रयोग केले. तिन्ही वेळा हाती शून्य आले. मधल्या काळात पोटापाण्याची आणि संस्थेची कामे होतीच. १८२५ मध्ये त्यांनी बेंझीन हे द्रव्य शोधून काढले. त्याच सुमारास दुर्बिणींसाठी उत्तम काच बनविण्याचे किचकट काम त्यांच्याकडे आले आणि त्यात पाच वर्षे गेली. १८३१ च्या पूर्वार्धात ते एका निराळ्याच विषयात गढलेले होते. ध्वनीच्या कंपनांमुळे पत्र्यावरील वाळूत आणि द्रवाच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या आकृत्या ते अभ्यासत होते. एक वस्तू कंप पावली की स्पर्श न करताही जवळची दुसरी वस्तू कंप पावू लागते, हे दृश्य त्या काळात त्यांच्या डोळ्यांसमोर वारंवार येत होते.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी सुमारे सहा इंच व्यासाचे एक लोखंडी कडे घेतले. त्याच्या एका बाजूस तारेची वेटोळी गुंडाळून ती विजेच्या घटमालेस जोडली. दुसऱ्या बाजूच्या वेटोळ्यांची तार लांब नेऊन एका चुंबकसुईवरून फिरविली. दोन्ही तारांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. घटमाला जोडताक्षणी सुई थरथरली आणि पुन्हा स्थिर झाली. प्रवाह चालू असेपर्यंत ती हलली नाही. तोडताच पुन्हा उलट बाजूस हलली. फॅरडे यांना सतत वाहणाऱ्या प्रवाहाची अपेक्षा होती. अपेक्षेप्रमाणे घडले नाही, घडले ते क्षणभरच. अशा वेळी बहुतेक माणसे तो हिसका धक्क्यामुळे किंवा चुकीमुळे आला असे समजून सोडून देतात. जिनिव्हाच्या कोलादों यांनी काही वर्षांपूर्वी असाच प्रयोग केला होता. चुंबकाचा परस्पर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी सुई दुसऱ्या खोलीत ठेवली. चुंबक वेटोळ्यात सरकवून ते त्या खोलीत चालत जाईपर्यंत सुई जागेवर परतलेली असे. ते वाट पाहत होते टिकणाऱ्या परिणामाची. निसर्ग उत्तर देत होता क्षणात.

फॅरडे यांनी त्या क्षणालाच प्रश्न विचारला. वीज किंवा चुंबक नुसता असून भागत नसेल, त्यात बदल व्हावा लागत असेल काय? १७ ऑक्टोबरला त्यांनी पोकळ वेटोळ्यात लोहचुंबक झटकन आत सरकवला आणि सुई हलली. ऑक्टोबरच्या अखेरीस मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून त्यांनी अखंड प्रवाह मिळविला. तो जगातील पहिला विद्युतजनित्र. त्यांचा निबंध २४ नोव्हेंबर १८३१ रोजी रॉयल सोसायटीत वाचला गेला. कोयनेच्या भुयारात पाण्याच्या जोरावर फिरणारी यंत्रे आणि आमच्या वसतिगृहातील दिवा यांचे मूळ त्या दोन महिन्यांतील निरीक्षणांत आहे.

पुढे १९२६ साली ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने नवनिर्मितीच्या विचारप्रक्रियेचे चार टप्पे सांगितले. प्रथम पूर्वतयारी, मग प्रश्न मनाच्या तळाशी मुरत ठेवणे, त्यानंतर स्फुरण आणि शेवटी पडताळणी. फॅरडे यांच्या दहा वर्षांच्या धडपडीकडे पाहिले म्हणजे हे चारही टप्पे त्यात ओळखता येतात. तथापि आम्हांस त्यातील एक गोष्ट विशेष वाटते. सामान्यतः आपण स्फुरणाच्या क्षणाचे कौतुक करतो. परंतु फॅरडे यांच्या बाबतीत त्या क्षणाआधी दशकभराची तयारी आणि अपयश होते, व त्यानंतर कित्येक आठवड्यांची कठोर तपासणी होती. शिवाय स्फुरण म्हणून जे आले ते मनात उजेड पडल्यासारखे आलेच नाही. ते आले नको असलेल्या निष्कर्षाच्या रूपात. आपली अपेक्षा मोडीत काढणाऱ्या वस्तुस्थितीकडे पाहण्याचे धैर्य, हे त्यांच्या प्रतिभेचे खरे नाव होय.

या मनाची हत्यारे कोणती होती? पहिले हत्यार वही. १८३२ पासून त्यांनी आपल्या प्रयोगनोंदींच्या परिच्छेदांना सलग क्रमांक देण्यास आरंभ केला आणि १८६० पर्यंत तो क्रमांक १६,०४१ पर्यंत पोहोचला. त्यांची स्मरणशक्ती कधीच भरवशाची नव्हती. १८४० च्या आसपास तर विस्मरण आणि भोवळ यांनी त्यांना इतके ग्रासले की, काही वर्षे संशोधन जवळजवळ थांबले. ज्या माणसाला कालचे आठवत नाही तो मोठा विचार कसा करणार, असे कोणासही वाटेल. फॅरडे यांनी स्मरणाचे काम वहीकडे सोपविले आणि मन विचारासाठी मोकळे ठेवले. जुन्या क्रमांकांकडे परत जायचे, दोन दूरच्या नोंदी शेजारी ठेवायच्या, हा त्यांचा नित्यक्रम होता.

दुसरे हत्यार चित्र. उच्च गणित त्यांना येत नव्हते. त्यामुळे समकालीन पंडित समीकरणांत जे पाहत ते त्यांना डोळ्यांपुढे आणून पाहावे लागे. चुंबकावर कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरला की वक्र रेषांची नक्षी उमटते, हे आपण शाळेत पाहतो. इतरांच्या दृष्टीने ती एक गंमत होती. फॅरडे यांना त्या रेषांत चुंबकाभोवतालची रिकामी वाटणारी जागाच ताणलेली, कार्यरत झालेली दिसली. या बलरेषांच्या कल्पनेवर त्यांनी वीस वर्षे विचार केला. गणितज्ञांनी ती फारशी मनावर घेतली नाही. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण गणितज्ञाने १८५५-५६ मध्ये फॅरडे यांच्या बलरेषांवर पहिला निबंध लिहिला व त्या चित्रांना समीकरणांचे रूप दिले. येथे एक गोष्ट निःपक्षपातीपणे नोंदविली पाहिजे. गणिताचा अभाव ही फॅरडे यांची मर्यादाच होती. मॅक्सवेल नसते तर त्यांचे क्षेत्राचे तत्त्व अर्धवट राहिले असते. उणीव म्हणजे गुण नव्हे. परंतु उणिवेच्या भिंतीशी रडत न बसता त्यांनी दुसरे दार शोधले आणि त्या दारातून जे दिसले ते गणितज्ञांनाही दिसले नव्हते.

तिसरे हत्यार शब्द. १८३३-३४ मध्ये विद्युत अपघटनाचे नियम शोधताना जुने शब्द जुन्या कल्पना घेऊन येतात, असे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या भाषापंडिताचे साहाय्य घेऊन त्यांनी ॲनोड, कॅथोड, आयन असे कोणताही पूर्वग्रह न चिकटलेले शब्द प्रचारात आणले. चुकीच्या शब्दात अडकलेला विचार पुढे सरकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आणि चौथे हत्यार, फसलेल्या कामाचा संग्रह. दुर्बिणीच्या काचेवर घालवलेल्या पाच वर्षांतून व्यवहारात फारसे काही निष्पन्न झाले नव्हते. पण त्या काळात बनविलेली शिसेयुक्त जड काच त्यांच्याकडे शिल्लक होती. १८४५ साली प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध शोधताना अनेक पदार्थ निरुपयोगी ठरल्यावर १३ सप्टेंबर रोजी त्यांनी तीच काच चुंबकाजवळ ठेवली. तिच्यातून जाणाऱ्या ध्रुवीकृत प्रकाशाची पातळी फिरली. प्रकाशाचे चुंबकत्वाशी नाते असल्याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा ठरला. मात्र प्रत्येक अपयशाला असा शेवट लाभत नाही, हेही सांगितले पाहिजे. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा संबंध असावा, अशी त्यांची दृढ कल्पना होती. १८४९ पासून त्यांनी ती अनेक प्रकारे तपासली. काहीच आढळले नाही. कल्पना कितीही प्रिय असली तरी पुरावा मिळाला नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले.

१८५३ साली इंग्लंडमध्ये टेबल फिरविण्याचे वेड पसरले. काही माणसे टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवीत आणि टेबल आपोआप सरकू लागे. कोणी त्यास परलोकातील आत्म्यांचे कार्य म्हणे, कोणी अज्ञात वीज. फॅरडे यांनी बसणाऱ्यांना लबाड ठरविले नाही आणि चमत्काराची टिंगलही केली नाही. त्यांनी प्रश्न नेमका केला. टेबल हाताला ओढते की हात टेबलाला ढकलतो? पुठ्ठ्याचे तुकडे मऊ चिकट द्रव्याने एकावर एक हलके चिकटवून ते त्यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये ठेवले. वरचे पुठ्ठे खालच्यांपेक्षा अधिक सरकलेले आढळले. म्हणजे हात आधी हलला, टेबल नंतर. मग त्यांनी हाताची बारीकशी हालचालही दाखविणारा काटा बसविला. तो काटा बसणाऱ्यांना दिसू लागताच टेबल हलायचे थांबले. प्रामाणिक माणसेही नकळत स्वतःला फसवितात, एवढेच त्यातून सिद्ध झाले आणि तेवढे पुरेसे होते. अंगात येणे, देव कौल देणे यांसारख्या प्रकारांनी आजही गांजलेल्या आपल्या वस्त्यांना या साध्या काट्याची किती गरज आहे!

पुढल्याच वर्षी, ६ मे १८५४ रोजी, त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मनाच्या शिक्षणावर व्याख्यान दिले. माणसाच्या बुद्धीत सर्वांत मोठी उणीव विवेकाची आहे आणि आपल्यात ती उणीव आहे हेच त्याला ठाऊक नसते, असे त्यांनी प्रतिपादन केले. आपल्याला जे हवे असते त्याच्या बाजूचा पुरावा आपण हात पसरून घेतो आणि विरोधी पुरावा दिसला की डोळे मिटतो. यावर त्यांचा उपाय असा की, ज्या मताकडे मन ओढ घेते त्याचीच तपासणी अधिक कठोरपणे करावी. पुरावा अपुरा असेल तेथे निर्णय राखून ठेवावा. आणि चूक दाखविणाऱ्यास शत्रू मानू नये. स्वतः फॅरडे एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे श्रद्धाळू अनुयायी होते आणि धार्मिक श्रद्धा त्यांनी या कसोटीबाहेर ठेवली, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. तथापि कसोटी एकदा जगाला दिली की ती कोठवर लावायची, हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही.

मानसन्मान त्यांनी बेताने घेतले. सरदारकी नाकारली, १८५७ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. ज्या संस्थेच्या अध्यक्षांनी एकेकाळी त्यांच्या पत्राला उत्तर दिले नव्हते, तीच ही संस्था. नाताळच्या सुटीत मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानांच्या मात्र त्यांनी एकोणीस मालिका दिल्या. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध मालिकेत त्यांनी केवळ एक जळती मेणबत्ती घेऊन ज्वलन, हवा, पाणी आणि श्वसन यांचे शास्त्र मुलांपुढे उलगडले. महागडी उपकरणे नसतील तर विज्ञान शिकवता येत नाही, असे म्हणणाऱ्या आम्हां शिक्षकांस ती मेणबत्ती उत्तर देते. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी साधेपणाने झाला आणि हायगेटच्या दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला.

साक्ष येथे संपली. ती विचारात घेता आमचा निष्कर्ष असा की, नवा विचार ही ज्याच्या त्याच्या कपाळी लिहिलेली गोष्ट नाही. फॅरडे यांच्या ठायी काही विशेष शक्ती नव्हतीच, असा आमचा दावा नाही. पण ती शक्ती ज्या सवयींमुळे फळाला आली त्या सर्व शिकता येण्याजोग्या होत्या आणि त्या त्यांनी शिकूनच घेतल्या. त्याचबरोबर शुल्क माफ करणारा मालक, शिलिंग देणारा भाऊ, तिकीट देणारा गिऱ्हाईक आणि चर्चेला बसणारे मित्र त्यांना भेटले, हेही विसरता कामा नये. यांपैकी एकजणही नसता तर जगाला कदाचित एक उत्तम पुस्तकबांधणीकार मिळाला असता आणि त्याच्या वह्या कोऱ्या राहिल्या असत्या. किती वह्या अशा कोऱ्या राहिल्या, याची मोजदाद इतिहासाने कधी ठेवलेली नाही.

म्हणून निवासी शाळा ही केवळ जेवण्याखाण्याची व राहण्याची सोय नव्हे. ती रिबो यांचे दुकान आणि टेटम यांचे व्याख्यानगृह या दोहोंचे काम करणारी जागा आहे. आमची विद्यार्थ्यांस एवढीच सूचना आहे की, गृहपाठाच्या वहीखेरीज आणखी एक वही ठेवा. तिच्यात उत्तरे लिहू नका; न सुटलेले प्रश्न लिहा, त्यांना क्रमांक द्या आणि दर महिन्यास मागची पाने चाळा. आणि सहकारी शिक्षकांस आमची विनंती आहे की, ती वही तपासताना तिला गुण देऊ नयेत. क्रमांक कोठवर पोहोचला, तेवढे मात्र अवश्य पाहावे.